माझं तेलंगी लिवा

जनगणनेच्या कामाला लावलं की शिक्षकांनी कुरकुर करायची, हा रिवाज आहे. मीही स्टाफरूममध्ये केली. खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. कुणाच्याही दारात जाऊन 'तुमच्या घरात कोण कोण राहतं' असं विचारायचा हक्क एरवी मिळत नाही. आणि उत्तर मिळालं की तिथून निघायचं असतं, तेही मला सोयीचं वाटतं.

मी मूळची तुळजापूरची. माहेरी सगळे कारकून नाहीतर मास्तर. लग्न होऊन उमरग्याला आले आणि नवरा गेल्यावर इथंच राहिले, कारण नोकरी इथं होती. मूलबाळ नाही. मोजणीत माझं स्वतःचं घर आमच्याच शाळेतल्या एका सरांच्या वाट्याला आलं होतं. त्यांनी दारात उभ्याउभ्याच मोबाइलवर सगळं भरून टाकलं.

"मॅडम, तुमचं बरंय," ते म्हणाले. "एकच."

चहा ठेवते म्हटलं तर, "अजून लई घरं पडलीत," म्हणून गेले. मी चहा ठेवलेलाच होता. तो घेतला आणि माझ्या गल्ल्यांकडे निघाले.

उमरग्यात कोण राहतं असं विचारलं तर उमरग्याचा माणूस सांगतो, "आपलीच माणसं की सगळी." हे 'आपलं' फार मजेशीर आहे. आळंदहून किंवा बसवकल्याणहून आलेली, घरात कन्नड बोलणारी सून आपली, कारण तिकडं निम्म्या गावाची सोयरीक. मोहल्ल्यातले, निजामाच्या वेळेपासूनचे, ते आपले. तांड्यावरून येऊन घर बांधलेले आपले. आडतीवरचा मारवाडी तर आपल्यापेक्षा चांगलं मराठवाडी बोलतो. पण हैदराबादच्या रस्त्यानं जरा पुढं, झहीराबादच्या पलीकडून कुणी आलं, की तो बाहेरचा. का, ते कुणाला सांगता येत नाही. घर भाड्यानं देताना मात्र बरोबर आठवतं.

भाषेचा रकाना भरताना हे सगळं बाहेर येतं. पहिल्याच दिवशी एका बाईला विचारलं, "मातृभाषा कोणती?" ती म्हणाली, "आई वारली की, दोन वर्सं झाली." मग मी प्रश्न सोपा केला: लहानपणी आई तुमच्याशी काय बोलायची? त्यावर ती म्हणाली, "शिव्याच द्यायची." दुसऱ्या घरात म्हातारी सासू कन्नड, सून मराठी, पोरं टीव्हीमुळं हिंदी. मोहल्ल्यात एक चाचा म्हणाले, "उर्दू लिखो." मी म्हटलं, घरात काय बोलता? "बोलते तो अपनी दखनी है जी. लेकिन लिखो उर्दू, अच्छा दिखता." माणसं किती विचारलं तर बायका फक्त पुरुष मोजत. "एकच हाय, त्यो बी उसाच्या फडावर गेलाय." म्हणून मी 'खाणारे किती?' असं विचारायला शिकले.

आम्हाला प्रशिक्षणात दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, भाषा प्रत्येकाला वेगळी विचारायची, घराची म्हणून एक लिहायची नाही. दोन, मिळालेली माहिती कुणाला म्हणजे कुणालाही सांगायची नाही. शेजाऱ्याला नाही, साहेबाला नाही. नियम पाळायला मला जड जात नाही. नियम असला की मला उलट बरं वाटतं.

हायवेला लागून एक टायर-पंक्चरचं दुकान आहे. त्याच्या मागं दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. दुकान चालवणारा पंचेचाळिशीचा असेल. बायको, दोन मुलं, आई. त्यानं हात पुसत पुसत सगळी नावं सांगितली, आणि भाषेपाशी आल्यावर म्हणाला, "सगळ्यांचं मराठी टाका, मॅडम."

"सगळ्यांना विचारावं लागतं."

"मी सांगतोय की. घर माझंच हाय."

तेवढ्यात आतून आवाज आला. "माझं तेलंगी लिवा."

आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर म्हातारी बसलेली होती. समोर ताटात लसूण. सोलायचं थांबलं नव्हतं.

मुलगा ओशाळला. मला म्हणाला, "तिचं काय ऐकता. पन्नास-पंचावन्न वर्सं झाली हितं येऊन. आता कसलं तेलंगी?"

"तुज्या बापानं करून आणली तवा मी मुकी होते व्हय?" म्हातारी म्हणाली. "बाई, लिवा तुमी."

मी लिहिलं. मुलगा माझ्यामागं रस्त्यापर्यंत आला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, उद्या कुणी कागद मागितला तर? कुठले तुम्ही म्हणतील." मी सांगितलं, हे कुणी बघत नाही, दाखल्याला लागत नाही, कशाला लागत नाही. त्याला पटलं नाही. जाताजाता म्हणाला, "शाळेत पोरं मला यंडुगुंडू म्हणायची. आई डबा द्यायला आली की मी पळून जायचो." हे सांगून तो जरा हसला आणि टायर उघडायला बसला.

दोन दिवसांनी त्या घरची एक जन्मतारीख राहिली म्हणून परत गेले. मुलगा नव्हता. सून नळावर गेली होती. म्हातारीनं पोतं अंथरलं, बसा म्हणाली. एरवी मी बसत नाही. त्या दिवशी बसले, उन्हातून आले होते.

तिला एकच विचारायचं होतं.

"बाई, मग कळंल का?"

"काय मावशी?"

"गावात माज्यावानी किती निघाले ते."

मी तिला समजावून सांगितलं. आकडे वर जातात, एकत्र होतात, मग कधीतरी जाहीर होतात. त्यात नावं नसतात. वेळ लागतो.

"किती?"

"वर्ष, दोन वर्षं. जास्तही."

"तवर मी न्हाय," ती म्हणाली. रडगाणं म्हणून नाही, बस चुकेल असं सांगावं तसं.

मग तिनं सांगितलं. तिचं गाव झहीराबादच्या पलीकडं, रस्ता सोडून आत. नवरा ट्रकवर होता, तिला घेऊन आला आणि पुढं हे दुकान टाकलं. तेव्हा हैदराबादच्या गाड्या गावातूनच जायच्या. ड्रायव्हर थांबायचे, हवा भरून घ्यायचे. ती दुकानाच्या कडेला बसून राहायची आणि आंध्राच्या नंबरची गाडी आली की पाणी घेऊन पुढं व्हायची. तांब्याभर पाण्यामागं दोन शब्द मिळायचे. पाऊस कसा, भाव काय, कुणाच्या गावची जत्रा. नवऱ्याला आवडायचं नाही, पण ड्रायव्हर पंक्चर इथंच काढायचे म्हणून गप्प बसायचा. मग रस्ता चौपदरी झाला. गाड्या भरधाव जायला लागल्या. ज्या थांबतात त्या ढाब्याला, इथं नाही. नवराही गेला.

"आता कुणाशी बोलता?"

"सपनात," ती म्हणाली. मग म्हणाली, "सपनात बी आता समदी मराठीच बोलतेत. माजी आय सुदिक. त्येचंच भ्या वाटतंय."

मी जन्मतारीख लिहून घेतली.

"तुमी घरोघर हिंडताय," ती म्हणाली. "कुणी गावलं तर सांगा. एक असली तरी बास. आन् मी तेलंगी हाय हे कुणालाबी सांगा, साऱ्या गावात दवंडी द्या. मला काय चोरी न्हाय."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी ती सापडली.

मागच्या गल्लीत, दळणाच्या गिरणीशेजारी एक खोली. दाराला फळी, फळीवर 'फॉल-पिको-ब्लाऊज'. आत तिशीतली एक बाई मशीनवर. नवरा रस्त्याच्या कामावर मशीन ऑपरेटर म्हणून आला होता, काम संपलं तरी राहिला. आता खडी क्रशरवर जात होता. मूल नव्हतं. नावं, वयं, शिक्षण सगळं सरळ सांगितलं. भाषेला थांबली. उठून दार लोटलं.

"खरं सांगायचं का, मॅडम?"

"खरंच सांगायचं."

"तेलुगू. आम्ही नलगोंड्याकडचे." तिचं मराठी शिकलेलं होतं, शब्द जपून ठेवत बोलायची. "पण गल्लीत सगळ्यांना वाटतं मी बसवकल्याणची. खोली मिळंना म्हणून यांनी तसं सांगितलं. दोन ठिकाणी नाही म्हणाले होते. आता कन्नडवाल्या येऊन कन्नड बोलतात, मी नुसती हसते. त्यांना वाटतं लाजते. तुम्ही कुणाला सांगू नका."

"सांगत नाही," मी म्हणाले. "सांगता येतच नाही."

तिला बरं वाटलं. मला नाही. दोघींच्या घरांत अंतर किती, तर मधे एक शाळेचं मैदान आणि एक पानटपरी. सहा-सात मिनिटं चालायचं. आणि ते फक्त मला माहीत.

मी त्यावर बराच विचार केला. मला विचार करायला वेळ असतो. संध्याकाळी घरी आले की भाकरी एकीची, भांडी एकीची, टीव्ही लावायचा तर रिमोट कुणी मागत नाही. एका म्हातारीला बोलायला कुणी नाही, यात माझं काय जातं, असंही स्वतःला विचारून पाहिलं. शाळेत सहकारी भरपूर आहेत, मला मराठी बोलायला उभा जिल्हा पडलेला आहे. तरी रविवारी सकाळपासून सोमवारी शाळा भरेपर्यंत मी कुणाशी काय बोलले हे आठवून पाहिलं, तर दूधवाल्याला 'अर्धाच द्या' एवढं निघालं. ते असो.

मध्यंतरी मी म्हातारीकडे उगाचच दोनदा जाऊन आले. काही राहिलेलं नव्हतं. ती विचारायची, "गावली का?" मी म्हणायचे, "काम चालू आहे." मग ती मला एखादा शब्द शिकवायची. पाण्याला नीळ्ळु. ये, बस म्हणायचं तर 'रा, कूर्चो'. माझा उच्चार ऐकून ती पदर तोंडाला लावून हसायची. "बाई, तुमी म्हशीला हाका मारल्यावानी बोलताय." एवढी वर्षं पोरांचे उच्चार सुधारणाऱ्या मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मला राग आला नाही. उलट घरी येताना रस्त्यानं मी ते पुटपुटत आले.

काम संपायला आठवडा राहिला तेव्हा मला वाट दिसली, तीही नियमातच. शिवणवालीचं मी म्हातारीला सांगू शकत नव्हते. ते गुपित होतं, आणि दुसऱ्याचं होतं. पण म्हातारीचं शिवणवालीला सांगायला मला कुणाची बंदी नव्हती. म्हातारीनं स्वतःच्या तोंडानं दवंडी द्या म्हटलं होतं.

मी म्हातारीला म्हटलं, "मावशी, झंपर कुठं शिवता?" ती म्हणाली, शिंपी लातूरला गेला लेकाकडं, तवापासनं हेच दोन आलटून पालटून. कापड होतं, सुनेच्या माहेरून आलेलं, ट्रंकेत. मी ते मागून घेतलं, मापाला तिचा एक जुना झंपर घेतला.

"कुणाकडं देताय?"

"एक आहे माझ्या ओळखीची. हात चांगला आहे."

तेही खरं होतं. मी आधी माझ्या एका साडीला तिच्याकडून फॉल लावून घेतला होता. एक टाका इकडचा तिकडं नव्हता.

शिवणवालीनं कापड उलगडलं, पन्हा बघितला, झंपर बघितला. तेव्हा मी सांगितलं. मशीनवरचा तिचा पाय थांबेपर्यंत थांबले आणि मग सरळ बोलले. गोल फिरवून बोलणं मला येत नाही.

"हा झंपर टायरच्या दुकानामागच्या मावशींचा. त्या झहीराबादकडच्या आहेत, तेलुगू. त्यांनीच मला सांगितलंय, सगळ्या गावाला सांगा म्हणून. म्हणून सांगते. बोलायला कुणी नाही त्यांना. तुमच्याबद्दल मी एक अक्षर बोललेली नाही आणि बोलणार नाही."

तिचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, मग हे मला कशाला सांगता?"

"झंपर शिवायचा म्हणून."

"त्यांचा मुलगा घरमालकांच्या गाडीची पंक्चरं काढतो. उद्या बोलण्यात आलं तर? यांना खोली मिळायला चार महिने लागले होते. चार महिने आम्ही क्रशरच्या पत्र्यात राहिलो."

"मग नका जाऊ. नुसता शिवून द्या, मी नेऊन देईन."

ती कापडाची घडी घालायला लागली. मी उठले. मला वाटलं, जमलं नाही. आणि वाटलं, मी हे करायलाच नको होतं. तिला न मागता एक ओझं दिलं. दाराशी पोचले तेव्हा तिनं मागून विचारलं, "म्हातारी आहे का लई?"

"पंचाहत्तरीची असेल. कान चांगले आहेत."

ठरलेल्या दिवशी गेले. झंपर शिवलेला नव्हता. कापड घडी घालून तसंच ठेवलेलं, त्यावर मापाचा झंपर.

"झालं नाही?"

"हे माप बरोबर नाही, मॅडम," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "जुना झंपर ढिला पडलाय. अंगावर माप घ्यावं लागेल."

मी शिवणातली नाही, पण एवढं मलाही कळतं. मापाच्या झंपराला काहीही झालेलं नव्हतं.

"मग कधी जाता?"

"आताच जाते. पुन्हा धीर होणार नाही." तिनं गळ्यात टेप अडकवला, वही घेतली. "गल्लीत विचारलं तर माप घ्यायला गेले म्हणायचं. खोटं नाही ना ते?"

"नाही," मी म्हणाले. "अगदी खरं आहे."

मी बरोबर गेले नाही. ती मैदानातून जाताना दिसली, नंतर दिसेनाशी झाली. मी शाळेत जाऊन माहिती पाठवायचं राहिलं होतं ते पाठवलं.

तीन-चार दिवस मी तिकडं फिरकले नाही. मग शनिवारी अर्धी शाळा होती, पाय तिकडं वळले. दुपारची वेळ. दुकानात मुलगा एका ट्रॅक्टरच्या चाकाशी झटत होता. मला बघून म्हणाला, "या मॅडम. आईला शिंपीण चांगली मिळाली बघा. रोज यायलीय. एक झंपर शिवायला किती दिवस लागतेत कुणास ठाऊक."

"काम बारीक असेल."

"असंल," तो म्हणाला. मग पाना फिरवता फिरवता, वर न बघता, "तिचे घरमालक परवा आले होते गाडी घेऊन. मी म्हटलं, माझ्या आईचं शिवण शिवते ती, चांगल्या घरची हाय. तेवढंच म्हटलं." आणि पुन्हा चाकात डोकं घातलं. त्याला किती कळलं होतं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पडवीशी जाईपर्यंत आतून दोघींचा आवाज येत होता. मला एक शब्द कळत नव्हता. पण म्हातारीचा तो आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. मराठीत ती तुटक बोलते, प्रत्येक वाक्य जणू दाराशी ठेवून आत जाते. इथं ती थांबतच नव्हती. मधेच चिडत होती, मधेच शिवणवालीला काहीतरी सुनावत होती, शिवणवाली उलट बोलत होती. मग दोघी हसल्या.

मी दारात उभी राहिले. दोघींनी वर बघितलं.

"या बाई, या," म्हातारी म्हणाली. "बसा. हिला इच्यारा, हिच्या गावाकडं चिंचंला काय म्हनतेत. समदं वाकडं बोलती ही."

शिवणवाली लगेच उठली, पोतं झटकून अंथरलं. "बसा मॅडम. पाणी देऊ?"

"नीळ्ळु," मी म्हणाले. दोघी हसल्या, पण थोड्याच, पाहुण्याला हसतात तेवढ्या.

मी बसले. आणि त्या मराठी बोलायला लागल्या. माझ्यासाठी. म्हातारीनं विचारलं, शाळा सुटली का. मी म्हटलं, सुटली. शिवणवालीनं सांगितलं, झंपर उद्या होईल. मी म्हटलं, घाई नाही. म्हातारी म्हणाली, ऊन वाढलंय. शिवणवाली म्हणाली, हो, यंदा लवकर. मग म्हातारीनं ताट ओढून घेतलं आणि लसूण सोलायला लागली. तोंडात आलेलं एक वाक्य तिनं दोनदा गिळलं. मी बघत होते. एकदा तर पहिला शब्द निघालाही, मग माझ्याकडे बघून तिनं तो मराठीत वळवला आणि वळवताना त्यातली सगळी मजा गेली. शिवणवाली वहीच्या कडेला रेघा मारत होती. दोघी मोठ्या अदबीनं माझी सोय बघत होत्या.

दहा मिनिटं झाली असतील.

"चला," मी म्हणाले, "मला जरा काम आहे."

"बसा की, च्या करती," म्हातारी म्हणाली. तिनं खरंच आग्रह केला. पण हातातला लसूण खाली ठेवला नाही.

"पुन्हा येईन."

मी चपला घातल्या. पडवीच्या पायरीपर्यंतही पोचले नव्हते, तेवढ्यात मागं दोघी एकदमच सुरू झाल्या, एकमेकींवर चढून, जसं काही मधली दहा मिनिटं कुणी दोघींचं तोंड धरून ठेवलं होतं.